उपग्रहाच्या नकाशातला ओझोन रोज इतका का हलतो?

पवनचक्की

मंडळी, बरेच दिवस मनात असलेला प्रश्न इथे मांडते. मी उट्रेख्टला राहते. शेजारीच दि बिल्ट, डच हवामान संस्थेचं गाव. उपग्रहांवरून ओझोन मोजणारी ओएमआय आणि ट्रोपोमी ही दोन्ही उपकरणं याच संस्थेच्या वैज्ञानिक देखरेखीखाली चालतात हे कळल्यापासून रोज सकाळी चहाबरोबर ओझोनचा जागतिक नकाशा उघडायची सवय लागली आहे.

आणि तो नकाशा मला स्वस्थ बसू देत नाही. मार्चमध्ये एका दिवशी आमच्या डोक्यावर ४०० डॉब्सन युनिटच्या (ओझोन मोजायचं एकक) वर ओझोन होता. तिसऱ्या दिवशी बघते तर ३३०. म्हणजे जवळजवळ पाचवा हिस्सा गेला! पुढच्या आठवड्यात परत ३९०. माहेर पुण्याचं, म्हणून तिथेही बघते. तिथे आपले २६०-२६५, आठवडाभर जागचे हलत नाहीत.

मग प्रश्न असे की, दोन दिवसांत एवढा ओझोन नष्ट होतो का? नसेल तर जातो कुठे? आणि अंटार्क्टिकावर २२० च्या खाली गेलं की ओझोन छिद्र म्हणतात, तर पुण्याचे २६० म्हणजे छिद्राच्या उंबरठ्यावरच की! तिकडच्या लोकांनी काळजी करायची का? शिवाय पॅसिफिक महासागरावर नकाशात एक उभी चीर दिसते, दोन्ही बाजूंचे रंग जुळत नाहीत. ती काय आहे?

जाणकारांनी कृपया सविस्तर लिहा. मला खरंच समजून घ्यायचं आहे.

भिंगरी

छान धागा. वाचतेय. मला आत्तापर्यंत वाटायचं की ओझोनचा थर म्हणजे एकदा मोजला की वर्षभर तोच आकडा.

अतिनील

पवनचक्की, चिरेचं उत्तर सोपं आहे, तिथून सुरुवात करतो.

हे उपग्रह पृथ्वीभोवती ध्रुवावरून ध्रुवाकडे फिरतात, दिवसाला १४-१५ फेऱ्या. प्रत्येक फेरीत खाली साधारण दुपारचा दीड-पावणेदोनचा सुमार असतो. एका फेरीत सुमारे २६०० किलोमीटर रुंद पट्टा दिसतो आणि असे पट्टे शेजारी शेजारी लावून दिवसाचा नकाशा होतो. पहिला पट्टा आणि शेवटचा पट्टा जिथे एकमेकांना भेटतात, तिथे दोन मोजण्यांत जवळपास २४ तासांचं अंतर असतं. ती तुमची चीर. म्हणजे एका दिवसात ओझोन किती सरकतो याचा पुरावा रोजच्या नकाशातच छापलेला असतो! मला तर ती चीर फार आवडते.

आता मोजतात कसं? सूर्याचा प्रकाश हवेतून खाली येतो, हवेच्या रेणूंवरून, ढगांवरून, जमिनीवरून परत वर फेकला जातो, आणि उपग्रह तो परतलेला अतिनील प्रकाश पकडतो. ओझोन ज्या तरंगलांबीला भरपूर शोषतो (३१२ नॅनोमीटरच्या आसपास) आणि जिला फारसा हात लावत नाही (३६० च्या आसपास), त्यांची तुलना केली की मधे किती ओझोन होता ते निघतं. १०० डॉब्सन युनिट म्हणजे सगळा ओझोन जमिनीवरच्या दाबाला आणि ० अंश तापमानाला आणला तर १ मिलिमीटर जाडीचा थर. जगाची सरासरी ३०० च्या आसपास. एवढ्या तीन मिलिमीटरवर आपली सगळी भिस्त.

यात दोन अडचणी. सूर्यप्रकाश नाही तिथे मोजता येत नाही, म्हणून हिवाळ्यात ध्रुवाभोवती नकाशा काळा असतो. आणि दाट ढगाखालचा ओझोन दिसत नाही, तिथे सरासरीवरून अंदाज घालतात. तो हिस्सा लहान असतो, कारण ओझोनचा सुमारे नव्वद टक्के भाग ढगांच्याही वरच्या हवेच्या थरात, म्हणजे स्थितांबरात असतो.

१९७८ च्या ऑक्टोबरमध्ये निंबस-७ वर टॉम्स नावाचं उपकरण गेलं, तिथून हे रोजचे नकाशे सुरू झाले. टॉम्सला एका वेळी साधारण ५० किलोमीटरचा चौकोन दिसायचा. ट्रोपोमीला साडेपाच बाय साडेतीन किलोमीटरचा दिसतो.

वेधशाळेतले_आजोबा

पवनचक्की ताई, तुमचा प्रश्न वाचून बसल्या जागी लिहायला घेतलं. आयुष्यातली बरीच वर्षं पुण्याच्या वेधशाळेत गेली, त्यातली काही ओझोन मोजणाऱ्या डॉब्सनच्या यंत्राशेजारी.

पहिलं म्हणजे, तुमच्या डोक्यावरचा ओझोन दोन दिवसांत नष्ट झालेला नाही. तो वाऱ्याबरोबर गेला आणि त्याच्या जागी कमी ओझोनची हवा आली. दादरच्या फलाटावरची गर्दी दर पाच मिनिटांनी बदलते, म्हणून मुंबईची लोकसंख्या घटली असं कुणी म्हणत नाही. तसंच हे. स्थितांबराच्या खालच्या भागात ओझोनचा रेणू महिनोन्महिने टिकतो. रोजची उलथापालथ रसायनाची नसते, हवामानाची असते.

होतं असं की, तपांबराची (ज्यात ढग-पाऊस होतात तो हवेचा सगळ्यात खालचा थर) वरची हद्द म्हणजे तपस्तब्धी, ती एका उंचीवर ठरलेली नाही. वरच्या हवेत जास्त दाबाचा फुगवटा आला की ती उचलली जाते, दक्षिणेकडची कमी ओझोनची हवा वर पसरते आणि एकूण ओझोन उतरतो. मागून कमी दाबाची घळ आली की हद्द खाली उतरते, ध्रुवाकडची भरपूर ओझोनची हवा खाली येते, आकडा चढतो. तुमच्याकडे फेब्रुवारी ते एप्रिल हा खेळ सगळ्यात जोरात, कारण हिवाळाभर वरच्या अंगाने ध्रुवाकडे वाहत आलेला ओझोन तेव्हा तिथे साठलेला असतो. चारशेचे तीनशेतीस व्हायला एक जोरदार फुगवटा पुरतो.

हे उपग्रहांनी शोधलेलं नाही बरं का. ऑक्सफर्डच्या गॉर्डन डॉब्सन यांनी १९२० च्या दशकात स्वतः यंत्र बांधून रोज मोजायला सुरुवात केली, तेव्हाच त्यांना दिसलं की कमी दाब आला की ओझोन वाढतो आणि जास्त दाब आला की घटतो. मग यंत्रं युरोपात वाटली, रोजचे आकडे हवामानाच्या नकाशावर मांडले. १९२८ च्या सुमारास त्यांनी यंत्रं जगभर पाठवली, त्यात एक आपल्या कोडाईकनालला आलं आणि एक न्यूझीलंडच्या क्राइस्टचर्चला. कोडाईकनालच्या आकड्यांनी दाखवलं की विषुववृत्ताजवळ ओझोन कमी असतो आणि रोज फारसा बदलत नाही. पुण्याचा आकडा हलत नाही हे तुम्ही आज पाहिलंत, त्याचं उत्तर तिथे आहे.

कारण हे फुगवटे आणि घळी जिच्याबरोबर येतात, ती वरच्या हवेतली वळणं घेणारी जोरदार वाऱ्याची धार आपल्यावरून सहसा जात नाही. ती हिवाळ्यात उत्तर भारतावर उतरते. जानेवारीत पश्चिमी विक्षोभ आला की दिल्ली-श्रीनगरचा आकडा बघा, चढतो.

फ्रीजवाले_नाना

आजोबा, दादरचं उदाहरण एकदम पटलं. एका वाक्यात कळलं.

स्पष्टवक्ता

ठीक आहे, पण मग मूळ मुद्दाच निसटतो ना? ओझोन जर वाऱ्याने इकडून तिकडे जातो, दोन दिवसांत वीस टक्के बदलतो, तर काही टक्क्यांच्या घटीवरून जगभर एवढा आरडाओरडा का झाला? आणि ओझोन नष्ट करणारे वायू बंद करायचा मॉन्ट्रियल करार १९८७ चा. २०२० ते २०२३ सलग चार वर्षं अंटार्क्टिकाचं छिद्र मोठं होतं. मग करार चालला की नाही? मला कुणी सरळ उत्तर देत नाही.

अतिनील

स्पष्टवक्ता, प्रश्न योग्य आहे, म्हणून नीट लिहितो.

रोजच्या नकाशात हवामानाची हालचाल एवढी मोठी आहे म्हणूनच एका दिवसावरून, एका महिन्यावरून, एका वर्षावरूनही निष्कर्ष काढता येत नाही. म्हणून तर ४०-४५ वर्षं रोज न चुकता मोजावं लागलं. मधल्या अक्षांशांवर काही टक्क्यांची घट शोधायची तर ऋतू, सुमारे २८ महिन्यांनी दिशा बदलणारे विषुववृत्तावरचे वारे, ११ वर्षांचं सौरचक्र, १९९१ च्या पिनाटुबोसारखे ज्वालामुखी, हे सगळं बाजूला काढावं लागतं. ते काढल्यावर जे उरतं, ती खरी घट.

अंटार्क्टिकाची गोष्ट मात्र वेगळी. तिथे रसायन इतक्या वेगाने चालतं की रोजच्या नकाशात डोळ्यांना दिसतं. हिवाळाभर ध्रुवाभोवती वाऱ्याचा भोवरा फिरतो, आतली हवा उणे ७८ अंशांच्या खाली जाते, तिथे विरळ ढग बनतात. त्या ढगांच्या कणांवर क्लोरीनची निरुपद्रवी संयुगं फुटतात. ऑगस्टअखेर सूर्य परत आला की सुटं झालेलं क्लोरीन ओझोनवर तुटून पडतं. ऑक्टोबरच्या सुरुवातीपर्यंत १४ ते २० किलोमीटरच्या पट्ट्यातला ओझोन जवळजवळ संपलेला असतो. आजवरचा नीचांक ७३ डॉब्सन युनिट, १९९४ च्या सप्टेंबरअखेरचा.

म्हणून पवनचक्की, पुण्याचे २६० आणि अंटार्क्टिकाचे २२० यांची तुलना होत नाही. पुण्याचे २६० हे नैसर्गिक आहेत, हजार वर्षांपूर्वीही तसेच असणार. अंटार्क्टिकावर पूर्वी ऑक्टोबरात ३०० च्या आसपास असायचे. १९७९ च्या आधी तिथे २२० च्या खाली कधी आकडा आला नव्हता, म्हणून २२० ही रेघ ठरवली.

आता २०२० ते २०२३. छिद्राचा आकार दरवर्षी दोन गोष्टींवर ठरतो. क्लोरीन किती आहे आणि त्या वर्षी भोवरा किती थंड आणि घट्ट राहिला. २०१९ ला वरची हवा अचानक तापली, छिद्र १९८० च्या दशकाच्या सुरुवातीनंतरचं सगळ्यात लहान झालं. तेव्हा कुणी करार जिंकला म्हणणं जितकं घाईचं, तितकंच २०२० ला करार हरला म्हणणं. क्लोरीन मात्र उतरतंय, हळूहळू. हे क्लोरीन येतं ते मुख्यतः फ्रीज-एसीत वापरलेल्या सीएफसीसारख्या वायूंतून. सीएफसी-११ चं आयुष्य सुमारे ५० वर्षं आणि सीएफसी-१२ चं १०० च्या आसपास. वर गेलेलं एका पिढीत धुऊन निघणार नाही. २०२२ च्या आंतरराष्ट्रीय अहवालाप्रमाणे अंटार्क्टिकाचा ओझोन १९८० च्या पातळीवर यायला २०६६ च्या आसपास वेळ लागेल.

गोदाकाठ

थोडं अवांतर, पण विचारतोच. आमची निफाडकडे द्राक्षबाग आहे. उन्हाने मणी भाजतात, पिंक बेरी येते (मणी गुलाबी पडतात) म्हणून घडांना पेपर लावतो. हे रोजचे ओझोनचे आकडे बघून पेपर कधी लावायचा ते ठरवता येईल का? आणि पेपरात बातमी येते की शहरात ओझोनचं प्रदूषण वाढलं. मग वर कमी आणि खाली जास्त, असं कसं? खालचा पंप लावून वर पाठवा की राव!

अतिनील

गोदाकाठ दादा, पंपाची कल्पना भारी आहे, पण रेणू तोच असला तरी दुकानं दोन. खालचा ओझोन वाहनांच्या आणि कारखान्यांच्या धुरातल्या वायूंवर ऊन पडून तयार होतो. तो फुप्फुसांना त्रास देतो, पिकांच्या पानांना इजा करतो. वर जायच्या आत त्याची विल्हेवाट लागते. उपग्रह दोन्ही मिळून एकूण आकडा देतो. खालचा वेगळा काढायला युक्ती करावी लागते. उदाहरणार्थ, ऑरा उपग्रहावर ओएमआय एकूण ओझोन मोजतं आणि त्याच उपग्रहावरचं एमएलएस सूक्ष्मलहरींवरून फक्त वरचा मोजतं. वजाबाकी केली की खालचा उरतो. एमएलएस हवेतूनच निघणाऱ्या लहरी पकडतं, त्यामुळे त्याला रात्रीही दिसतं.

बागेसाठी मात्र याचा उपयोग नाही. नाशिकवरचा एकूण ओझोन रोज एक-दोन टक्क्यांनी हलतो, तेवढ्याने मण्यांना फरक पडत नाही. तुम्हाला तापमान आणि रात्र-दिवसातला फरक बघायला हवा.

गोदाकाठ

समजलं. धन्यवाद भाऊ.

फ्रीजवाले_नाना

माझा या विषयाशी संबंध हाताने आहे. सांगलीत फ्रीज-एसी दुरुस्तीचं काम करतो. शिकायला लागलो तेव्हा सगळीकडे आर-१२, म्हणजे तोच सीएफसी-१२ गॅस. त्या काळात जुना गॅस हवेत सोडून व्हॅक्यूम मारून नवा भरायचा, हीच सर्वत्र रीत होती. रिकव्हरी मशीन म्हणजे काय ते कुणी पाहिलेलं नव्हतं. मग आर-१२ मिळेनासा झाला, आर-१३४ए आला. एसीत आर-२२ होता, तो आता उतरणीला, नव्या मशीनला आर-३२, आणि घरगुती फ्रीजला आर-६००ए. प्रत्येक गॅसचा दाब वेगळा, तेल वेगळं, आर-६००ए तर पेटणारा. प्रशिक्षण घेतलं, गेज नवे घेतले, ब्रेझिंगची पद्धत बदलली. खर्च आला, पण केलं. आमच्यासारख्या हजारो मेकॅनिकांनी केलं.

मला हे लिहावंसं वाटलं, कारण करार म्हटलं की मोठ्या माणसांचे सह्या करतानाचे फोटो येतात. प्रत्यक्षात तो करार आमच्यासारख्यांच्या पाना-पकडीने अमलात आला आहे.

प्रश्न एकच. सांगलीत सोडलेला गॅस अंटार्क्टिकावर कसा पोचतो? आणि तो हवेपेक्षा जड असतो ना?

वेधशाळेतले_आजोबा

नाना, तुमचा प्रतिसाद फार मोलाचा आहे. तुम्ही म्हणता ते अगदी खरं.

जड असतो, पण वाऱ्याच्या घुसळणीपुढे रेणूच्या वजनाचं काही चालत नाही. वर्ष-दोन वर्षांत तो साऱ्या जगाच्या हवेत सारखा मिसळतो. मग विषुववृत्ताजवळ हवा हळूहळू वर चढते, स्थितांबरात शिरते आणि वरच्या अंगाने दोन्ही ध्रुवांकडे उतरते. ब्रूअर आणि डॉब्सन या दोघांच्या नावाने हे अभिसरण ओळखतात. या प्रवासाला काही वर्षं लागतात. वर पोचल्यावर प्रखर अतिनील किरणांनी रेणू फुटतो आणि क्लोरीन सुटतं. सांगली असो की शिकागो, हिशेब सगळ्यांचा एकत्र होतो.

याच अभिसरणामुळे पुण्यावर ओझोन कमी असतो, पवनचक्की ताई. ओझोन सगळ्यात जास्त तयार होतो तो उष्ण कटिबंधाच्या वर, कारण ऊन तिथे. पण खालून चढणारी हवा ओझोन नसलेली, आणि तयार झालेला माल ध्रुवांकडे रवाना. शिवाय आपल्याकडे तपस्तब्धी १६-१७ किलोमीटरवर, म्हणजे थराला मुळात जागा कमी.

स्पष्टवक्ता

नानांचा अनुभव आवडला. पण मग एवढे उपग्रह वर असताना छिद्र सापडलं कुणाला? मी वाचलं होतं की नासाने स्वतःची माहिती फेकून दिली आणि ब्रिटिशांनी जुन्या यंत्राने शोध लावला. हे खरं असेल तर उपग्रहांवर भरवसा का ठेवायचा?

अतिनील

ही कथा अर्धी खरी आहे आणि पूर्ण कथा जास्त चांगली आहे.

ब्रिटिश अंटार्क्टिक सर्व्हेचे जो फार्मन, ब्रायन गार्डिनर आणि जोनाथन शँकलिन यांनी मे १९८५ मध्ये अंटार्क्टिकावरच्या हॅली बे इथल्या डॉब्सन यंत्राचे आकडे प्रसिद्ध केले. ऑक्टोबरची सरासरी ३०० वरून २०० च्या आसपास आली होती. शोधाचा मान त्यांचाच. जपानचे शिगेरू चुबाची यांनी अंटार्क्टिकावरच्याच स्योवा केंद्रावरचे कमी आकडे त्याआधी, १९८४ मध्ये, एका परिषदेत मांडले होते.

टॉम्सच्या प्रणालीत १८० च्या खालचा आकडा आला की त्याला संशयित अशी खूण पडायची. फेकला जायचा नाही, खूण पडायची. अशा खुणा दर ऑक्टोबरात अंटार्क्टिकावर गोळा व्हायला लागल्या, तेव्हा नासाच्या गटाने त्या तपासायला घेतल्या. या गटात पवन भारतिया हे भारतीय वंशाचे शास्त्रज्ञ होते. ऑगस्ट १९८५ मध्ये प्राग इथे त्यांनी तो नकाशा जगापुढे ठेवला. हॅली बेचं यंत्र एका जागेवरून वर बघत होतं. खंडभर पसरलेला खड्डा, त्याची कड, रोज फिरणारा त्याचा आकार, हे पहिल्यांदा दिसलं ते त्या नकाशात.

म्हणजे जमिनीवरच्या यंत्राने आधी सांगितलं आणि उपग्रहाने त्याचा पसारा दाखवला. दोन्ही लागतात. उपग्रहाचं उपकरण वर जुनं होत जातं, त्याचा आरसा मंदावतो. ओएमआयच्या दृष्टिक्षेत्रातल्या काही ओळी २००७ पासून अडल्या आहेत. हे सगळं ताडून बघायला खालची डॉब्सन आणि ब्रूअर यंत्रंच कामी येतात.

वेधशाळेतले_आजोबा

अतिनील यांना पूर्ण अनुमोदन. डॉब्सनवर काम केलेला माणूस हे मनापासून सांगेल. लांबलचक जड पेटी, वरून प्रकाश आत घ्यायची खिडकी, दोन तरंगलांबींची तुलना करायची आणि काटा शून्यावर येईपर्यंत तबकडी फिरवायची. तापमान बघून क्यू लिव्हर जुळवायचा. ढग आला की थांबायचं किंवा सरळ माथ्यावरच्या आभाळावर मोजायचं. पावसाळ्यात उन्हाच्या एका फटीसाठी ताटकळायचं.

डॉब्सन एकूण आकडा सांगतो. कुठल्या उंचीवर किती, त्यासाठी फुगा सोडायचा. खालच्या डबीत पोटॅशियम आयोडाइडचं द्रावण, त्यातून हवा बुडबुडत जाते, ओझोन असेल तेवढा विद्युतप्रवाह वाहतो आणि रेडिओवर खाली कळतो. हे फुग्याचं उपकरण म्हणजे ओझोनसोंड. भारतीय ओझोनसोंड १९६० च्या दशकात पुण्यातच घडवला गेला. ॲना मणी बाईंच्या हाताखाली आमच्या उपकरण विभागाने हे काम केलं. नंतर तेच तंत्र आपल्या अंटार्क्टिकावरच्या केंद्रात गेलं. उपग्रहाचा सुरेख नकाशा बघताना त्याच्या मागे उन्हात उभं राहिलेली ही माणसं आहेत, हे विसरलं जाऊ नये असं मला फार वाटतं.

मावशी_क्राइस्टचर्च

आमच्या गावाचं नाव आलं म्हणून लिहिते. इथे उन्हाळ्यात हवामानाच्या अंदाजात अतिनील निर्देशांक (ऊन त्वचेला किती भाजेल याचा आकडा) रोज सांगतात आणि लोक तो गांभीर्याने घेतात. शाळेत टोपी नसेल तर मुलांना मैदानात सोडत नाहीत.

भारतातून येणाऱ्या पाहुण्यांना वाटतं की छिद्र आमच्या डोक्यावर आहे. ते तसं नाही. छिद्र अंटार्क्टिकावर असतं. पण इथलं उन्हाळी ऊन उत्तर गोलार्धातल्या तेवढ्याच अक्षांशापेक्षा साधारण ४० टक्क्यांनी जास्त भाजतं. एक कारण म्हणजे जानेवारीत पृथ्वी सूर्याला सगळ्यात जवळ असते, दुसरं म्हणजे हवा स्वच्छ, आणि तिसरं म्हणजे ओझोन कमी. नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये ध्रुवावरचा भोवरा मोडला की ओझोन गमावलेली हवा तुकड्यातुकड्यांनी बाहेर पडते, कधी कधी आमच्यावरून जाते.

खरा रोजचा हिंदकळा दक्षिण अमेरिकेच्या टोकाला. पुंता अरेनास आणि उशुआया. छिद्र गोल नसतं, लांबट असतं आणि फिरत असतं. त्याची कड त्या गावांवरून जाते. सोमवारी छिद्राच्या आत, बुधवारी बाहेर.

भिंगरी

मावशी, अंगावर काटा आला वाचून. त्या गावांत राहणाऱ्यांना हा नकाशा म्हणजे रोजची गरजच.

भूगोलाच्या_बाई

१६ सप्टेंबरला शाळेत ओझोन दिन असतो. दरवर्षी घोषणा आणि चित्रकला स्पर्धा होते. यंदा मुलांना खरे नकाशे दाखवायचे आहेत. रोजचा बदल ठळक दिसेल असं एखादं वर्ष सांगाल का?

अतिनील

बाई, डोळे झाकून २००२ घ्या. २० सप्टेंबरपासून दहा दिवस, रोज एक नकाशा.

सुरुवातीला नेहमीसारखं एकसंध छिद्र. मग ते लांबायला लागतं, मधे बारीक होत जातं आणि २५ सप्टेंबरच्या सुमारास त्याचे चक्क दोन तुकडे होतात. खालच्या हवेतून वर चढलेल्या प्रचंड लाटांनी भोवरा फाडला आणि वरची हवा काही दिवसांत कितीतरी अंशांनी तापली. दक्षिण गोलार्धात असं जोरदार अचानक तापणं तोवर कुणी पाहिलेलं नव्हतं. एक तुकडा पुढे विरून गेला.

शेजारी सप्टेंबर २००० ठेवा. त्या वर्षी छिद्र एका दिवशी २.९९ कोटी चौरस किलोमीटरपर्यंत गेलं होतं, भारताच्या नऊ पट. या दोन्ही वर्षी क्लोरीन जवळजवळ तेवढंच होतं. बदललं ते हवामान. एवढं मुलांना दिसलं की स्पष्टवक्ता यांच्या प्रश्नाचं उत्तरही त्यांना देता येईल.

स्पष्टवक्ता

२००० आणि २००२ चे नकाशे आत्ता बघून आलो. पटलं. एका वर्षावरून बोलण्यात अर्थ नाही. तरी एक शंका उरते. सगळे देश प्रामाणिक आहेत हे कशावरून?

अतिनील

नसतात, आणि ते कळतं. २०१८ मध्ये हवेतल्या मोजणीवरून दिसलं की सीएफसी-११ अपेक्षेइतक्या वेगाने उतरत नाहीये. पुढच्या वर्षी माग पूर्व चीनपर्यंत लागला, आणि त्यानंतर उत्सर्जन पुन्हा खाली आलं. मोजत राहिलं म्हणून सापडलं.

पवनचक्की

सगळ्यांचे खूप आभार. आजोबा, तुमचं लिखाण तर मी आईला फोनवर वाचून दाखवलं.

आता ओझोनच्या नकाशाशेजारी वरच्या हवेच्या दाबाचा नकाशा उघडून ठेवते. परवा आमच्यावर फुगवटा आला आणि आकडा ३८५ वरून ३४० वर आला, आजोबांनी सांगितलं अगदी तसं. भोवताली बघितलं तर पूर्वेला पोलंडवर तेवढाच चढलेला!

पण व्यवहारातला प्रश्न राहिलाच. आकडा असा उतरला त्या दिवशी मी मुलीला जास्त जपायचं का?

अतिनील

हिशेब करू. ओझोन १ टक्का कमी झाला की त्वचा भाजणारे किरण साधारण सव्वा टक्क्याने वाढतात. तुमचं ४०० चं ३३० झालं तेव्हा ते पावपट वाढले. पण मार्चमध्ये तुमच्याकडे निर्देशांक २ असेल तर तो अडीच झाला. सूर्य खाली आहे, त्यामुळे चिंता नाही. मे-जूनमध्ये ६-७ असतो तेव्हा असा उतार आला तर टोपी आणि मलम नक्की.

पुण्यात एप्रिल-मेच्या दुपारी निर्देशांक ११-१२ च्या घरात जातो. तिथे ओझोन हलत नसला तरी सूर्य डोक्यावर असतो. तेव्हा सुट्टीत माहेरी आलात की लेकीला दुपारी १२ ते ३ सावलीत ठेवा. उट्रेख्टमधल्या कुठल्याही ओझोनच्या उतारापेक्षा ते ऊन जास्त आहे.

मावशी_क्राइस्टचर्च

आणि ढग आहेत म्हणून फसू नका. विरळ ढगांतून अतिनील किरण बरेचसे खाली येतात.

भूगोलाच्या_बाई

२००२ चे नकाशे उतरवून घेतले. मुलांना रोज एक दाखवणार आणि उद्या काय होईल ते वहीत लिहायला लावणार. आजोबा, पुण्यातच असता तर शाळेत याल का? मुलांना फुग्याची आणि त्या डबीची गोष्ट तुमच्या तोंडून ऐकायला मिळेल.

वेधशाळेतले_आजोबा

नक्की येईन. वेळ तेवढी सकाळची ठेवा आणि एक फळा द्या. व्यक्तिगत निरोपातून शाळेचा पत्ता कळवा.